मेडिकलवर गोळी मागताना: बिनचिठ्ठीचं औषध, जेनेरिक आणि ब्रँड यांत निवड कशी करायची

परभणीत मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहून मला अठरा वर्षं झाली. बाजाराच्या दिवशी अकराच्या सुमाराला जिंतूर-पाथरीकडच्या एसट्या आल्या की दुकानात गर्दी होते. अशाच एका दिवशी एका आबांनी कोपरीच्या खिशातून गोळ्यांच्या पाकिटाचा कापलेला तुकडा काढून काचेवर ठेवला. त्यात एकच गोळी उरली होती. मागच्या चंदेरी कागदावर कात्री अशी फिरली होती की नावातली शेवटची 'सार्टन' एवढीच अक्षरं शाबूत होती.

"हीच दे माय, म्हैन्याची."

"आबा, चिठ्ठी आणली का?"

"चिठ्ठी घरी हाय की. तीच ती बारकी पांढरी गोळी, बीपीची."

टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन. तिन्ही बीपीच्याच गोळ्या, तिन्हींच्या शेवटी 'सार्टन', आणि नेहमीचा डोस मात्र एकीचा ४०, दुसरीचा ५०, तिसरीचा २० मिलिग्रॅम. अंदाजानं देण्यासारखी ही गोष्ट नाही. शेवटी त्यांच्या मुलाला फोन लावला, त्यानं चिठ्ठीचा फोटो पाठवला, तेव्हा टेल्मिसार्टन ४० असल्याचं कळलं. तेच औषध चार दुकानं पलीकडच्या जनऔषधी केंद्रात निम्म्याहून कमी पैशांत मिळत होतं. पण आबांना गोळीचा रंग माहीत होता, नाव नव्हतं. नाव माहीत नसलेली गोष्ट मागता येत नाही, तिचा भावही विचारता येत नाही.

म्हणून हे सगळं लिहितेय. घरात बीपी, शुगर, थायरॉईड, गुडघेदुखी यांपैकी काहीही असेल तर हे वाचून होईपर्यंत घरातला औषधांचा डबा जवळ घेऊन बसा.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू

प्रत्येक औषधाला दोन नावं असतात. एक आतल्या औषधाचं: पॅरासिटामॉल, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन. कंपनी कुठलीही असो, हे नाव बदलत नाही. दुसरं कंपनीनं ठेवलेलं: क्रोसिन, ग्लायकोमेट, टेल्मा. नवं औषध शोधणाऱ्या कंपनीला २० वर्षांचं पेटंट मिळतं. ते संपलं की तेच औषध इतर कंपन्याही बनवू शकतात, आणि अशा औषधाला जेनेरिक म्हणतात. पेटंट संपल्यावर काय होतं ते नुकतंच दिसलं. शुगरच्या एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी काही आठवड्यांत दहा रुपयांच्या घरात मिळू लागली. आमच्या दुकानात दोन पेशंट असे होते की पैशांपायी ही गोळी एक दिवसाआड घेत होते. ते तेव्हापासून रोज घेतात.

आपल्याकडे "कंपनीची गोळी" म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बहुतेक पेटंट संपलेलंच असतं. मूळ औषध कुणीतरी केव्हाच शोधलेलं, आपल्या कंपनीनं ते बनवून त्याला स्वतःचं नाव दिलेलं. तेव्हा "मला जेनेरिक नको, कंपनीचंच द्या" असं कुणी म्हणालं तरी हातात पडतं ते नाव दिलेलं जेनेरिकच. फरक असतो तो नावाचा, जाहिरातीचा, एमआरच्या, म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीच्या, फेऱ्यांचा आणि भावाचा.

दुकानात मग एकाच औषधाचे तीन प्रकार भेटतात. पहिला, नावाजलेला ब्रँड, जो डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात. दुसरा, ज्याला आम्ही धंद्यात 'ट्रेड जेनेरिक' म्हणतो. याचे एमआर डॉक्टरांकडे फिरत नाहीत, माल थेट स्टॉकिस्टकडून (घाऊक विक्रेत्याकडून) दुकानात येतो. तिसरा, जनऔषधी केंद्रातला. ही सरकारी योजना २००८ साली सुरू झाली, आज देशभरात दहा हजारांहून जास्त केंद्रं आहेत आणि यादीत दोन हजारांच्या आसपास औषधं आहेत.

राहिलं बिनचिठ्ठीचं, म्हणजे ओटीसी. आपल्या कायद्यात 'ओटीसी' नावाचा वेगळा वर्गच नाही. १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम यांत कुठल्या औषधाला चिठ्ठी लागते याच्या याद्या आहेत. त्या याद्यांत जे नाही, ते चिठ्ठीशिवाय विकता येतं. म्हणजे एखादी गोळी दुकानदारानं चिठ्ठी न मागता दिली म्हणून ती बिनचिठ्ठीची ठरत नाही. ती कुठल्या यादीत आहे, ते पाकिटावर छापलेलं असतं.

पायरी १: पाकीट हातात घ्या आणि तीन गोष्टी वाचा

आतलं औषध, त्याचं प्रमाण, आणि गोळीचा प्रकार. या तिन्ही जुळल्या तरच दोन गोळ्या सारख्या.

आतल्या औषधाचं नाव शोधायला आता त्रास पडत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर ते ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावं लागतं (तीन किंवा जास्त औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांना यात सूट आहे). इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला हाताशी घ्या आणि ते नाव वहीत मराठीत लिहून घ्या. "टेल्मिसार्टन, ४०, सकाळी एक." एवढी एक ओळ पुरे.

प्रमाणात लोक सर्वांत जास्त फसतात ते लहान मुलांच्या औषधात. पॅरासिटामॉलच घ्या. छोट्या बाटलीतल्या थेंबांत एका एमएलला १०० मिलिग्रॅम असतं. साध्या सिरपमध्ये ५ एमएलला १२० किंवा १२५. त्याच कंपनीचं, तशाच खोक्यातलं दुसरं सिरप ५ एमएलला २५० चं असतं. दहा किलोच्या लेकराला एका वेळी १५० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. म्हणजे थेंबांच्या बाटलीतलं दीड एमएल, १२५ च्या सिरपमधलं ६ एमएल, २५० च्या सिरपमधलं ३ एमएल. आता एखाद्या आईला "पाच एमएल द्या" एवढंच तोंडी लक्षात राहिलं आणि हाती थेंबांची बाटली आली, तर लेकराच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातं. तापाचं औषध नुसतं "बाळाचं सिरप" म्हणून मागू नका. चिठ्ठीवरचा आकडा आणि बाटलीवरचा आकडा एकमेकांशेजारी धरून वाचा.

प्रकार म्हणजे नावामागची अक्षरं. एसआर, ईआर, एक्सआर, सीआर यांचा अर्थ एकच: औषध पोटात हळूहळू सुटणार, म्हणून दिवसातून बहुधा एकदाच. ही गोळी फोडायची-चुरायची नाही. चुरली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. साधी मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन एसआर ५०० या अदलाबदलीच्या गोळ्या नाहीत. बीपी-हृदयाच्या मेटोप्रोलोलमध्ये तर अजून एक फेर आहे. नावापुढे सक्सिनेट असेल तर ती हळूहळू सुटणारी, टार्ट्रेट असेल तर साधी आणि दिवसातून दोनदा लागणारी. आतलं नाव सारखं, आकडा ५० च, तरी गोळी वेगळी. जेनेरिक शोधताना हे मागचं शेपूटही जुळलंच पाहिजे.

दुसऱ्या तऱ्हेची अक्षरं म्हणजे सोबतीला असलेलं दुसरं औषध. टेल्मा ४० मध्ये एकटं टेल्मिसार्टन. टेल्मा एचमध्ये त्यासोबत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. टेल्मा एएममध्ये अॅम्लोडिपीन. ग्लायकोमेट जीपीत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड, आणि ही शुगर खाली आणणारी जोरकस गोळी. जेवण चुकलं तर चक्कर येते ती हिच्यामुळे, नुसत्या मेटफॉर्मिननं सहसा येत नाही. "ग्लायकोमेट द्या" म्हणून मागणाऱ्याला जीपी लागतेय की साधी, हे आम्ही तीन वेळा विचारतो ते उगाच नाही.

पायरी २: लाल खूण बघा

डाव्या वरच्या कोपऱ्यात 'आरएक्स' (Rx) अशी खूण असेल तर औषध शेड्यूल एच या यादीतलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं. डायक्लोफिनॅक, पॅन्टोप्राझोल, अॅझिथ्रोमायसिन, बीपीच्या बहुतेक गोळ्या यात येतात. आरएक्स लाल रंगात आणि इशारा लाल चौकटीत असेल तर ते शेड्यूल एच-१. यात सेफिक्झिमसारखी जोरकस अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, ट्रॅमाडॉल आणि अल्प्राझोलमसारख्या सवय लावणाऱ्या गोळ्या. १ मार्च २०१४ पासून यांची वेगळी वही आम्हाला ठेवावी लागते, त्यात तुमचं आणि डॉक्टरांचं नाव लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. म्हणून कुणी नाव-गाव विचारलं तर रागावू नका. तो दुकानदार नियमानं चाललेला आहे.

मेटफॉर्मिन आणि इन्सुलिनवर वेगळा इशारा असतो: डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं. आरएक्स दिसलं नाही म्हणून ती बिनचिठ्ठीची समजू नये. शेजारणीची शुगरची गोळी आपल्याला चालवून घेण्याचा प्रकार मी गावोगाव पाहिलाय.

पायरी ३: बिनचिठ्ठीचं काय घ्यावं, काय नको

घरात ठेवावं असं थोडंच असतं. साधी पॅरासिटामॉल ५००, ओआरएसची पाकिटं, पोटात जळजळीचं अँटासिड, जखमेला पोव्हिडोन आयोडीन. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं आणि छोटं २०० एमएलचं. पाणी मोजूनच घाला. टेट्रा पॅकमधली गोड पेयं ओआरएसच्या नावानं विकली जात होती, त्यांना ते नाव लावायला ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी झाली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं असेल तेच घ्या.

खरा धोका गोळ्या एकावर एक चढण्यात आहे. अंगदुखी आणि ताप म्हणून सकाळी डोलो ६५०. डोकं दुखायलंय म्हणून कॉम्बिफ्लॅम, तिच्यात पॅरासिटामॉल ३२५. नाक गळतंय म्हणून सर्दीची गोळी, तिच्यात बहुधा ५००. नावं तीन, आत पॅरासिटामॉल तिन्हींत. एका वेळचं झालं १४७५ मिलिग्रॅम. दिवसातून तीनदा घेतलं तर ४४२५. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची वरची मर्यादा ४००० आहे, आणि दारू पिणाऱ्याला किंवा अंगात ताकद नसलेल्याला त्याहून बरंच कमी. लिव्हर आधी दुखत नाही, दोन दिवसांनी दाखवतं.

दुसरी गोष्ट माझ्या काळजाजवळची आहे, कारण ही मी आमच्याच घरात पाहिली. माझ्या मामांना बीपीची 'एच' असलेली गोळी चालू होती. मे महिन्यात शेततळ्याच्या कामावर दिवसभर उन्हात राहायचे, पाणी कमी प्यायचे, आणि संध्याकाळी गुडघ्यासाठी एका दुकानातून डायक्लोफिनॅकची गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायचे. दहाव्या-बाराव्या दिवशी पायावर सूज आली, लघवी कमी झाली. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे किडनीचं काम मंदावलं होतं. बीपीची ही गोळी, लघवी वाढवणारं औषध आणि पेनकिलर, ही तीन एकत्र आली आणि अंगातलं पाणी कमी पडलं की किडनीचा रक्तपुरवठा घटतो. मामा बचावले, किडनी बरीचशी सुधारली, पण तो महिना मी विसरणार नाही. बीपी, किडनी, हृदय यांपैकी काही असेल तर गुडघेदुखीला स्वतःच्या मनानं पॅरासिटामॉलपलीकडे जाऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक ही सगळी एकाच कुळातली आहेत.

लहान मुलांच्या खोकल्याची सिरपं मात्र घरी ठेवूच नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेल्या सिरपनं लेकरं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत. विष मिसळलं नसलं तरी या सिरपांचा लहान मुलांना फारसा उपयोग नसतोच.

आणि अँटिबायोटिक. पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती याचसाठी की हे औषध मनानं घ्यायचं नाही. "घसा बसलाय, तीन दिवसांचा कोर्स द्या" असं म्हणून कुणी आलं की मी नाही म्हणते. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, हेही मला माहीत आहे.

पायरी ४: भाव गोळीचा काढा, पाकिटाचा नाही

पाकिटं सारखी नसतात. कुठे १० गोळ्या, कुठे १५, थायरॉईडची तर बाटलीच शंभर-सव्वाशे गोळ्यांची. म्हणून छापील किंमत भागिले गोळ्या, गुणिले रोजच्या गोळ्या, गुणिले ३०.

हिशोब दाखवायला आकडे समजा असे आहेत. ब्रँडचं १५ गोळ्यांचं पाकीट १६५ रुपयांचं, म्हणजे गोळी ११ रुपयांना. ट्रेड जेनेरिकचं १० चं पाकीट, छापील किंमत ९०, दुकानदार चाळीस टक्के सोडतो, म्हणजे ५४ आणि गोळी ५ रुपये ४० पैशांना. जनऔषधीत १० गोळ्या २० रुपयांना, गोळी २ रुपयांना. रोज दोन गोळ्या असतील तर महिन्याला ६६०, ३२४ आणि १२०.

या मधल्या आकड्याकडे नीट बघा, कारण फसगत तिथेच होते. ट्रेड जेनेरिकवर छापील किंमत मुद्दाम मोठी ठेवलेली असते आणि दुकानाला माल फार स्वस्तात मिळतो. दुकानदारानं सूट दिली तर तुमचा फायदा. नाही दिली तर तुम्ही जेनेरिक घेऊन ब्रँडच्या आसपासचे पैसे मोजता आणि मधला सगळा नफा काउंटरमागे राहतो. मी स्वतः त्याच काउंटरमागे उभी असते, म्हणून सांगते: "जेनेरिक आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. "गोळी कितीला पडली?" हे विचारा. छापील किंमत ही वरची मर्यादा आहे, त्यात कर आलेले असतात, आणि त्याहून कमीत विकायला कुठलीही आडकाठी नाही.

काही औषधांच्या किमतीवर सरकारचा लगामही आहे. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशानुसार आवश्यक औषधांच्या यादीतल्या गोळ्यांना कमाल किंमत ठरते. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. ज्या ब्रँडांचा बाजारात एक टक्का किंवा जास्त वाटा आहे त्यांच्या दुकानदाराला पडणाऱ्या भावाची सरासरी काढतात आणि त्यावर १६ टक्के दुकानदाराचे. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनी वर्षाला दहा टक्क्यांपर्यंतच वाढवू शकते. मोबाइलवर 'फार्मा सही दाम' हे सरकारी अॅप आहे, त्यात ब्रँडचं नाव टाकलं की त्याच औषधाचे इतर ब्रँड किमतींसह दिसतात. 'जनऔषधी सुगम' अॅपवर जवळचं केंद्र आणि तिथला भाव कळतो.

पायरी ५: डॉक्टरांशी बोला, दुकानात वाद घालू नका

लोक चिठ्ठी घेऊन येतात आणि म्हणतात, "यातलंच स्वस्तातलं द्या." १९४५ च्या नियमांतला नियम ६५ सांगतो की शेड्यूल एचच्या औषधाची चिठ्ठी असेल तर तिच्यावर लिहिलेल्याऐवजी दुसरं देता येत नाही, आत तेच औषध असलं तरी. काउंटरवर सर्रास बदल होतात हे खरं, पण नियम हा आहे. म्हणून खरी चावी डॉक्टरांच्या पेनात आहे. औषधाचं मूळ नाव वाचता येईल अशा, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असं वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत २०१६ च्या दुरुस्तीनं आलं. २०२३ मध्ये ते सक्तीचं करणारे नवे नियम निघाले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले. तेव्हा मागणं आपल्यालाच करावं लागतं.

केबिनमधून उठायच्या आधी एवढं म्हणा: "डॉक्टरसाहेब, आतल्या औषधाचं नाव बी लिहून द्या, जनऔषधीतून घेतो. ह्यातली कुठली गोळी बदलायची नाही तेवढं सांगा." माझा अनुभव असा की असं सरळ विचारल्यावर बहुतेक डॉक्टर लिहून देतात. काही नाराज होतात. त्यांनी कारण सांगितलं तर ऐकून घ्या. कारण खरंच असू शकतं.

पायरी ६: कुठल्या गोळ्या कंपनी बदलून घेऊ नयेत

काही औषधं अशी असतात की रक्तातलं प्रमाण थोडं खाली आलं तर रोग उसळतो आणि थोडं वर गेलं तर विषबाधा होते. फिट्सची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, मानसिक आजाराची लिथियम, रक्त पातळ करणारी वॉरफरिन, हृदयाची डिगॉक्सिन, किडनी बदललेल्यांची टॅक्रोलिमस, आणि थायरॉक्सिन. यांची जेनेरिक वाईट असतात असं नाही. दर महिन्याला कंपनी बदलू नये, एवढंच. एका कंपनीची लागू पडली तर तीच धरून ठेवा. बदलावीच लागली तर डॉक्टरांना कळवा आणि तपासणी करून घ्या: वॉरफरिनला आयएनआर, थायरॉईडला सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, दोन्ही रक्ताच्याच तपासण्या. फिट्सच्या पेशंटनं तर महिना संपायच्या आठवडाभर आधीच गोळ्या आणाव्यात.

इन्सुलिनमध्ये वेगळी सावधगिरी. आपल्याकडची बाटली बहुधा एका एमएलला ४० युनिटची असते आणि पेनमधलं इन्सुलिन बहुधा एका एमएलला १०० युनिटचं. ४० च्या बाटलीला लाल टोपणाचीच सिरिंज. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटसाठी आहे. सिरिंज स्वस्तात मिळाली म्हणून बदलून चालत नाही.

जेनेरिक कमी ताकदीचं असतं का?

रोज विचारला जाणारा प्रश्न. दोन औषधं रक्तात सारखी उतरतात का याची चाचणी असते, तिच्यात ८० ते १२५ टक्के असा पट्टा धरतात. त्यावरून कुणीतरी "जेनेरिकमध्ये वीस टक्के औषध कमी असतं" असं पसरवलं. ते चूक आहे. गोळीतल्या औषधाचं प्रमाण वेगळं तपासतात आणि त्याची मर्यादा बरीच काटेकोर, बहुधा लिहिलेल्या आकड्याच्या पाच ते दहा टक्के इकडे-तिकडे. ८० ते १२५ हा संख्याशास्त्राचा पट्टा आहे. मोजणीतली सगळी शक्य घट-वाढ धरून तो निकाल त्या पट्ट्यात पूर्ण बसावा लागतो. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांना ही चाचणी आपल्याकडे एप्रिल २०१७ पासून सक्तीची झाली.

खराब माल निघतो का? निघतो. केंद्रीय औषध नियंत्रकांची दर महिन्याला नापास नमुन्यांची यादी येते, तिच्यात नावाजलेले ब्रँडही असतात आणि जेनेरिकही. म्हणून भरवसा नावावर ठेवण्याऐवजी पुढच्या पायरीवर ठेवा.

पायरी ७: बिल घ्या

बिलावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि एक्स्पायरी असली पाहिजे. गोळी लागू पडली नाही, रंग उतरला, गोळी भुगा होतेय असं दिसलं तर तक्रार करायला हा बॅच नंबरच लागतो. जिल्ह्याला अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय असतं, टोल फ्री नंबर १८०० २२२ ३६५. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर राष्ट्रीय किंमत प्राधिकरणाकडे १८०० १११ २५५. खपाच्या ३०० ब्रँडांवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो मोबाइलनं तपासून बघा.

पाकीट कापून घेत असाल तर एक्स्पायरी छापलेला भाग तुमच्याकडे येईल असं कापायला सांगा. दुकानदार तो भाग स्वतःकडे ठेवतात, कारण उरलेलं विकायचं असतं. तसं झालं तर त्या भागाचा फोटो काढून घ्या. एक्स्पायरीला नुसता महिना असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत गोळी चालते. कागदाच्या पुडीत मिळालेल्या सुट्ट्या गोळ्यांना यातलं काहीच नसतं; त्या देणाऱ्याकडे पाकीट मागा, आणि दिलं नाही तर ती पुडी तिथेच ठेवून या.

पायरी ८: फुकट मिळतं ते आधी बघा

भावांची तुलना करण्याच्या नादात लोक हे विसरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. टीबीची औषधंही. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचारही मोफत झाले. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या दवाखान्यात मोठी तपासणी झाली की तिथली चिठ्ठी गावाजवळच्या केंद्रात दाखवा, यातलं इथे काय मिळेल ते विचारा. माल कधी संपलेला असतो, जनऔषधीतही हाच त्रास आहे. तेव्हा जायच्या आधी फोन करा आणि एसटीचं भाडं पडतच असेल तर दोन महिन्यांच्या एकदम आणा.

पायरी ९: मराठवाड्याच्या उन्हात गोळ्या सांभाळणं

पाकिटावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. पत्र्याच्या घरात तर विचारू नका. गोळ्यांचा डबा खिडकीत, टीव्हीवर, चुलीजवळच्या फळीवर ठेवू नका. घरातली सगळ्यांत गार जागा बहुधा माठाशेजारची, पण ओल लागणार नाही अशी. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. फ्रिज नसेल तर एका मोठ्या मडक्यात वाळू भरून त्यात छोटं मडकं बसवा, वाळू रोज ओली करा, आणि छोट्या मडक्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली ठेवा. फ्रिजएवढं गार होत नाही, पण चालू बाटली उन्हाळ्यात त्यात बरी राहते. उघडलेली बाटली सहसा २८ दिवसांनी टाकून द्यायची, ती उघडल्याची तारीख बाटलीवरच पेनानं लिहा.

दिवाळीच्या सुमाराला बीड, धारूर, केजकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा ओळखीचे लोक गोळ्या भरून न्यायला येतात. त्यांना मी हे करून देते: दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या न कापलेल्या पाकिटांत, चिठ्ठीचा फोटो नवरा-बायको दोघांच्याही मोबाइलवर, आणि एका जाड कागदावर आतल्या औषधांची नावं मोठ्या इंग्रजी अक्षरांत, आकड्यांसह. कोल्हापूरकडे असो की कर्नाटकात, तिथल्या मेडिकलवर आपल्याकडचा ब्रँड मिळेलच असं नाही, पण हा कागद कुठेही चालतो. कोपीत (ऊसतोडीच्या झोपडीत) डबा छताला टांगायचा नाही, वरून प्लास्टिक तापतं. खाली, पाण्याच्या हंड्याच्या मागे, सावलीच्या बाजूला ठेवायचा.